डास सोबत आणावा

लोक विचारतात, "बोराटे, तुमच्याकडे इतके किस्से येतात कुठून?" आता काय सांगायचं! नारायण पेठेत आयुष्यभर मच्छरदाण्या विकल्या. आमच्या मालाचा गुणच असा, की हवा निघून जाते आणि डास अडकतो. गिऱ्हाइकांचंही तसंच. गिऱ्हाईक निघून जातं, किस्सा अडकून राहतो. एक झटकायला जावं तर दुसऱ्या कोपऱ्यातून आणखी दोन निघतात!

आज सांगतोय ते सगळे किस्से एकाच पाटीचे आहेत. पाटी मी लिहिली, हे आधीच कबूल करतो. सातवी शिकलेल्या माणसाने कायद्याच्या भाषेत काही लिहू नये, हे मला फार उशिरा कळलं.

*

देशाची दारं उघडली आणि आमच्या धंद्यात पहिल्यांदा काय आत आलं असेल तर डास मारायची यंत्रं! भिंतीत खुपसायचं, लाल दिवा लागला की डास खलास. रंगीत जाहिराती, टाय लावलेले सेल्समन. त्यातला एक आमच्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "काका, मच्छरदाणी आता म्युझियममध्ये ठेवा."

आमच्या दुकानात नाना म्हणून टेलर होते. मच्छरदाण्यांच्या किनारी शिवून शिवून त्यांची पाठ वाकली, जीभ मात्र शेवटपर्यंत सरळ राहिली. ते मशीन न थांबवता म्हणाले, "यंत्राला वीज लागते ना? मग गुरुवारी काय करणार?"

पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे त्या बिचाऱ्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं!

सेल्समन गेला, पण मी हादरलो होतो. आता काहीतरी गॅरंटी द्यायला हवी. दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून पाटी लावली :

"आमच्या मच्छरदाणीत डास शिरल्यास मच्छरदाणी बदलून मिळेल. डास सोबत आणावा. दुकान दुपारी १ ते ४ बंद."

माझा हिशोब साधा होता. गॅरंटी वाचून माणूस खूश होईल, आणि डास घेऊन कोण येतंय!

आठव्या दिवशी गोगटे मास्तर आले. गणित शिकवून निवृत्त झालेले, आमच्याच गल्लीतले. त्यांनी काउंटरवर काडेपेटी ठेवली, उघडली.

"बोराटे, हा डास."

"मास्तर, हा मेलेला आहे."

"पाटीवर 'जिवंत' असं लिहिलेलं नाही."

"पण आमच्याच मच्छरदाणीत शिरला कशावरून?"

"मी खोटं बोलतो असं आपलं म्हणणं असेल, तर तसं लिहून द्या."

मच्छरदाणी बदलून दिली. मास्तर पायरी उतरले, परत वर आले, काडेपेटीतला डास काउंटरवर उपडा केला.

"डास तुमचा. पेटी माझी."

*

मास्तरांनी ही बातमी कट्ट्यावर सांगितली आणि महिन्याभरात आमच्याकडे डासांची रीघ लागली. मग मी युक्ती केली. एक जाडजूड नोंदवही आणली. नाव, पत्ता, दिवस, वेळ, शेरा, सही. फॉर्म भरायला लावला की निम्मी माणसं गळतात, हे मी सरकारी कचेऱ्यांत बघितलं होतं.

पुण्यात उलटं झालं! 'शेरा' हा रकाना आहे असं कळल्यावर, जे एरवी आले नसते तेही आले.

एकाने लिहिलं, "डास मध्यम आकाराचा. मालाचा दर्जा पूर्वीसारखा राहिलेला नाही." यातला माल म्हणजे जाळी की डास, हे मी विचारायला गेलो नाही. सदाशिव पेठेतल्या एका बाईंनी लिहिलं, "डासाबद्दल तक्रार नाही. दुकानदाराच्या बोलण्याबद्दल आहे."

नाना म्हणाले, "मालक, वही भरली की छापा. जाळीपेक्षा जास्त खपेल."

*

अशी बरीच वर्षं गेली. मग एका शनिवारी एक सडपातळ गृहस्थ आले. खांद्याला शबनम पिशवी, खिशात टॉर्च, हातात एक वाकडी काचेची नळी. म्हणाले, "बारीक जाळी पाहिजे. डास बाहेर जायला नको अशी."

मी म्हटलं, "आत यायला नको, असं म्हणायचंय का?"

"नाही जी. माझे आतच आहेत."

हे गजभिये. भंडाऱ्याकडचे, प्राणिशास्त्राचे पदवीधर, एका सरकारी खात्यात डास पकडण्याच्या नोकरीवर. खात्याचं नाव सांगत नाही, त्यांना अजून पेन्शन घ्यायची आहे. ते स्वतःच हसत सांगायचे, "आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ठरवलं होतं, की आता घरातली पोरं शिकतील. नातू जाऊन डास शिकेल हे त्यांना माहीत नव्हतं!"

चहा सांगितला तसे ते खुलले. त्यांचं म्हणणं, शहरात एक नवा डास शिरलाय. टायगर म्हणतात त्याला. मूळचा जंगलाकाठचा. जुन्या टायरांतून, शोभेच्या झाडांतून देशोदेशी फिरतो. त्याची अंडी वाळून गेली तरी महिनोन्महिने मरत नाहीत. पाणी लागलं की जिवंत होतात. आणि चावतो दिवसा!

"मग अडचण काय?"

"आमचे साहेब म्हणतात, तो जंगलातला आहे, शहरात येत नाही."

गजभिये यांच्याकडे एक खोली होती. एक मायक्रोस्कोप, जाळीचे चार पिंजरे आणि एक पंखा. पाऊस संपायच्या आत शहरातल्या घरात पकडलेला एक तरी नमुना दाखवता आला नाही, तर खोलीला कुलूप आणि गजभिये धुराच्या गाडीवर, असा साहेबांचा लेखी हुकूम होता.

"धुराची गाडी वाईट असते का हो?" मी विचारलं.

"गाडी चांगली आहे जी. पण धूर सोडला की डास उडून जातात आणि मी तिथेच राहतो."

एवढ्यात त्यांची नजर नोंदवहीवर गेली. पानं उलटत गेले आणि चहा तसाच राहिला. "शेठजी, मला बारा माणसं द्या म्हणून तीन वर्षं अर्ज करतोय मी. तुमच्याकडे तर अख्खं पुणं फुकट कामाला आहे!"

त्याच दिवशी त्यांनी वहीत दोन रकाने वाढवले. 'घरात कुठे' आणि 'अंगावर कुठे'. दर शनिवारी येऊन डास तपासायचे असं ठरलं.

निघता निघता त्यांनी सवयीने टॉर्च काढला आणि माझ्या काउंटरवरच्या मनीप्लँटच्या बाटलीत मारला. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "शेठजी, अळ्या."

मच्छरदाणीच्या दुकानात अळ्या! माझं तोंड बघण्यासारखं झालं.

नाना मशीनवरून म्हणाले, "आमचे मालक मागणी आणि पुरवठा दोन्ही सांभाळतात."

*

गोगटे मास्तरांना या नव्या डासाची हकिगत कळली तेव्हा त्यांचा संताप झाला. "तरी मी म्हणतच होतो! बाहेरून येणाऱ्यांनी पुणं बिघडवलं. माणसं झाली, आता डास!"

गजभिये काडेपेट्या तपासत होते. वर न बघता म्हणाले, "मास्तर, आधीचा जो पट्टेरी डास आहे ना, तोही बाहेरचाच. आफ्रिकेतून आला. जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून."

"मग इथला मूळचा कोण?"

"तो गटारातला जी."

मास्तरांनी घसा साफ केला. "हरकत नाही. तो निदान वेळ पाळतो. दिवेलागणीशिवाय येत नाही."

नानांना राहवलं नाही. "मास्तर, तुमचं मूळ गाव कोणतं?"

"गुहागरजवळ. पण आम्हाला इथे चार पिढ्या झाल्या!"

गजभिये म्हणाले, "डासाला चार पिढ्या व्हायला दोन महिने लागतात."

*

एक मोठी अडचण होती. जुना पट्टेरी आणि नवा टायगर, दोन्ही काळे, दोघांच्या पायांना पांढरी कडी. ओळखायचे पाठीवरून. जुन्याच्या पाठीवर वीणेसारख्या वाकड्या रेघा. नव्याच्या पाठीवर एकच सरळ पांढरी रेघ, मधोमध भांग पाडल्यासारखी. म्हणजे डासाची पाठ शाबूत हवी.

आणि पुणेकराने मारलेल्या डासाला पाठ कुठून उरणार? एरवी भाजीवाल्याशी बोलतानाही मोजूनमापून शब्द वापरणारी माणसं, डासावर हात टाकताना मात्र काही हातचं राखत नाहीत! काडेपेट्या उघडून उघडून गजभिये रडकुंडीला आले. "शेठजी, हे डास नाहीत. हा बुक्का आहे."

म्हणून पाटीखाली दुसरी पाटी लावली : "डास मारू नये. पेला उपडा घालून पकडावा. पाठ खराब झालेला डास स्वीकारला जाईल, पण कौतुक होणार नाही."

त्यावर नोंदवहीत एका गृहस्थांचा शेरा आहे, "डास मला चावत असताना त्याची पाठ जपावी, इतका मी संत नाही. मच्छरदाणी बदलून मिळाली."

*

कोथरूडच्या एका मोठ्या सोसायटीत तापाच्या साथीने निम्मी माणसं आडवी झाली. तिथले सेक्रेटरी आमचे जुने गिऱ्हाईक. म्हणाले, तुमच्या त्या डासवाल्या साहेबांचं भाषण ठेवू. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंज्या, खुर्च्या, पोह्यांचा वास, असा थाट!

गजभिये बोलायला उभे राहिले तोच पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. "आमच्याकडे कुठेही घाण नाही. मी स्वतः जिना धुऊन घेते. मग डास का?"

"म्हणूनच, ताई. हा घाण पाण्यात अंडी घालत नाही. याला स्वच्छ पाणी लागतं. चांगली वस्ती बघून राहतो."

बाई खाली बसल्या, पण चेहऱ्यावर थोडं समाधान दिसलं. आपल्याकडे येणारा डासही नीट घरातला आहे!

मग सगळी वरात घेऊन गजभिये घरोघरी फिरले. कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे कूलर, फ्रिजमागचं भांडं. सेक्रेटरींच्या हॉलमध्ये टीव्हीवर काचेच्या भांड्यात लकी बांबू ठेवला होता. तेव्हा तो नुकताच बाजारात आला होता आणि प्रत्येकाला भरभराट हवी होती. गजभिये यांनी त्यात टॉर्च मारला. अळ्या नाचत होत्या. मागे वीस-पंचवीस सभासद उभे.

सेक्रेटरींनी वाकून बघितलं, सरळ झाले आणि शांतपणे म्हणाले, "या भाडेकरूंच्या असतील."

*

त्याच सोसायटीत कॉल सेंटरमध्ये काम करणारी चार मुलं एका फ्लॅटमध्ये राहायची. यवतमाळ, अमरावतीकडची. त्यांच्यातला एक, अक्षय, दर आठवड्याला डास घेऊन यायचा, पण प्रत्येकाची पाठ चुरगळलेली. वहीत त्याच्या सगळ्या नोंदींना वेळ एकच : सकाळी अकरा. शेरा : झोपेत.

मास्तरांनी वही वाचली आणि अक्षयला पकडलं. "सकाळी अकराला झोपता? लाज नाही वाटत?"

"काका, आमची शिफ्ट अमेरिकेच्या टायमाने असते. आम्ही सकाळी घरी येतो."

"मग रात्रीची मच्छरदाणी सकाळी लावा."

"तीच तर लावतो काका. पण घरमालक दहा वाजता आमच्या गॅलरीत वाळत घातलेले त्यांचे कपडे बघायला येतात आणि मच्छरदाणी वर, खिडकी उघडी टाकून जातात. आम्ही झोपतो अमेरिकेच्या टायमाने, डास चावतो पुण्याच्या टायमाने. मधल्यामध्ये आम्हीच मरतो!"

अक्षय हुशार. एकदा म्हणाला, डास कशाला हवा, फोटो देतो. नवीन कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला होता त्याने. भिंतीवर बसलेल्या डासाचा फोटो काढून, कॉम्प्युटरवर मोठा करून, छापून आणला. गजभिये यांनी तो आडवा धरला, उभा धरला, उजेडात नेला.

"छान आहे. पण हा डास आहे की पर्वती?"

*

पावसाळा सरत आला. गणपती येऊन गेले. गजभिये यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला. त्यांच्या खोलीचं माप घ्यायला दोन माणसं येऊन गेली होती. तिथे म्हणे स्टेशनरी ठेवणार होते.

आणि एका शुक्रवारी संध्याकाळी गोगटे मास्तर चष्म्याची डबी दोन्ही हातांनी धरून आले. नैवेद्याचं ताट धरावं तशी! आत कापूस, कापसावर डास. पेला उपडा घालून पकडलेला, पाठ शाबूत. नोंद झाली : दुपारी दोन वाजता, डावा घोटा.

शनिवारी गजभिये यांनी भिंग लावलं. भिंग माझ्या हातात दिलं. सरळ पांढरी रेघ, मधोमध भांग! मी आयुष्यात पहिल्यांदा डास बघून पेढे आणले.

सोमवारी नमुना आणि वहीच्या पानाची झेरॉक्स साहेबांकडे गेली. आठवड्याने साहेबांचं पत्र आलं. एकच वाक्य : "नोंदीत खाडाखोड असल्यामुळे सदर नमुना ग्राह्य धरता येत नाही."

खाडाखोड? आम्ही वही काढली. बघतो तर 'दुपारी दोन वाजता' यावर रेघ मारून वर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'एक वाजून अठ्ठावन्न मिनिटे', आणि खाली मास्तरांची सही!

मास्तरांना बोलावलं. ते ताठ उभे राहून म्हणाले, "त्याच संध्याकाळी घरी जाऊन रेडिओवर घड्याळ लावून पाहिलं. दोन मिनिटं पुढे होतं. लगेच येऊन दुरुस्त केलं. आपण मागे जाळी काढत होतात."

"अहो मास्तर, पण दोन मिनिटांनी काय फरक पडत होता?"

"आपल्याला पडत नसेल."

साहेबांचं पत्र गजभिये यांनी घडी करून वहीत ठेवलं. मास्तर म्हणाले, "ही खाडाखोड नव्हे. दुरुस्ती आहे." पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. त्या दिवसापासून मास्तर रोज दुपारी एक ते चार आपल्या गॅलरीत धोतर गुडघ्यापर्यंत वर करून बसायला लागले. हातात काचेचा पेला. डास काही फिरकला नाही.

नाना म्हणाले, "त्यालाही वाटलं असेल, मास्तर वेळ विचारतील."

*

पाऊस परतीला लागला. कुलूप पुढच्या सोमवारी लागणार होतं. शनिवारी गजभिये शेवटच्या काडेपेट्या तपासायला आले. दुकानाच्या मागच्या स्टुलावर पाठ करून बसले होते, तेवढ्यात एक बाई पायरी चढून आल्या. इरकली साडी, चष्मा, हातात काचेचा पेला. पेल्याच्या तोंडावर पोस्टकार्ड, त्याला रबरबँड. आत डास. जिवंत! भिंतीवरून भिंतीवर उडत होता.

"तुम्हीच का ते डासवाले?"

"हो, या ना. मच्छरदाणीत शिरला का?"

"मच्छरदाणी होतीच कुठे! दुपारी दोन वाजता कोण मच्छरदाणी लावतं? आमचे हे जेवून झोपले होते. पाठीवर बसला. मी तिथल्या तिथे पेला उपडा घातला आणि खालून कार्ड सरकवलं."

"यजमानांच्या पाठीवर? उठले नाहीत?"

"छे! चार वाजता उठले."

मी नियम सांगितला. "वहिनी, डास आमच्या मच्छरदाणीत शिरलेला नाही. जाळी बदलून मिळणार नाही."

"जाळी मागितलीय कुणी? मला पावती द्या. 'डास मिळाला' अशी. घरात लावायची आहे. महिनाभर डोकं उठवलंय यांनी. म्हणे ऑफिसात एक गजभिये आहे, नसलेला डास शोधत बसतो. मी म्हटलं, नसलेला चावतो कसा?"

मागच्या स्टुलाचा पाय करकरला. गजभिये उभे राहिले होते. वळायची हिंमत त्यांना होत नव्हती.

बाईंनी नोंद स्वतःच्या हाताने केली. टपोरं, सुवाच्य अक्षर. वार : शुक्रवार. वेळ : दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. घरात कुठे : झोपायची खोली, लकी बांबूशेजारी. अंगावर कुठे : यजमानांची पाठ. शेरा : "यजमान म्हणतात की असा डास पुण्यात नाही. ते झोपेत असल्यामुळे त्यांना माहीत नसावे."

मी पावती दिली. बाई गेल्यावर गजभिये यांनी पेल्याला भिंग लावलं. नानांनी येऊन टॉर्च धरला.

सरळ पांढरी रेघ. मधोमध.

सोमवारी एकला दहा मिनिटं कमी असताना दुकानासमोर सरकारी जीप थांबली. पुढून साहेब उतरले, मागून गजभिये. साहेबांच्या हातात रिपोर्ट होता, सहीची जागा कोरी. गोगटे मास्तर योगायोगाने दुकानातच होते. योगायोग म्हणजे, मी निरोप पाठवला होता.

साहेब म्हणाले, "ती वही बघू."

बघितली. शेरा वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"डास मान्य आहे," साहेब म्हणाले. "पावती घरी फ्रिजवर लावलेली आहे. सकाळ-संध्याकाळ दिसते. वेळ मात्र मान्य नाही. शुक्रवारी दुपारी दोनला मी ऑफिसात असतो."

"असता?" नानांनी विचारलं.

साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं. "'दुपारी' खोडा, 'रात्री' करा. मी लगेच सही करतो. गजभिये, तुमची खोली राहील."

मी गजभिये यांच्याकडे बघितलं. एक रेघ मारायची, एवढाच प्रश्न होता. मारली असती मी. व्यापारी माणूस आहे. पण गजभिये हळूच म्हणाले, "साहेब, हा रात्री चावत नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"डास बघणाऱ्या प्रत्येकाला कळणार, साहेब."

मास्तर पुढे झाले. वहीतून साहेबांचं जुनं पत्र काढलं, घडी उलगडली आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "नोंदीत खाडाखोड असल्यामुळे सदर नमुना ग्राह्य धरता येत नाही." मग पत्र साहेबांपुढे ठेवलं. "खाली सही आपलीच आहे ना?"

साहेब लाल झाले. "मग दुसरा नमुना आणा! कुठूनही आणा!"

"दुसरा आपल्याच घरी मिळेल, साहेब," गजभिये म्हणाले. "लकी बांबूत. पण तोही दुपारीच."

साहेबांनी रस्त्याकडे बघितलं, जीपकडे बघितलं, वहीतल्या त्या टपोऱ्या अक्षराकडे बघितलं. मग रिपोर्ट काउंटरवर ठेवला आणि सही केली. तारखेसकट. गजभिये यांनी तो कागद उचलला, शाईवर फुंकर घातली आणि शबनममध्ये ठेवताना तीनदा बघितला.

घड्याळात एकचा ठोका पडला. नानांनी मशीनवर कापड टाकलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं. साहेब वाकून बाहेर पडले, पायरीवर थांबले, आणि मागे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाले,

"बोराटे, एक डबल बेडची मच्छरदाणी द्या हो."

मी पाटीकडे बोट दाखवलं.

"चारनंतर या, साहेब."